‘न्यूआन्स’ला मराठीत शब्द नाही, हे कुणी ठरवलं?

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीनं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही फिरत आला असेल. ‘मराठीत न्यूआन्सला शब्दच नाही’ अशी सुरुवात. मग ‘म्हणून मराठी माणूस एक तर डोक्यावर घेतो, नाही तर पायाखाली घालतो’. आणि शेवटी सल्ला, की मुलांचे विचार सूक्ष्म व्हायला हवे असतील तर घरात इंग्रजीच बोला. बहिणीनं तो मनावर घेतला आहे. तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा आजीशी मराठीत बोलू लागला की ती त्याला मध्येच थांबवते. आई गप्प बसते. मला गप्प बसवत नाही.

शब्द नाही, हे धडधडीत खोटं आहे. बारकावा, छटा, अर्थच्छटा, पदर, कंगोरा, खोच. ‘बारकावा म्हणजे नुसता तपशील’ असं मेसेजवाला म्हणतो. तपशील कागदावर उतरवून घेता येतो. फोडणीत हिंग किती, हा तपशील; तेल किती तापलं की तो टाकायचा, हा बारकावा, आणि तो आईशेजारी उभं राहूनच कळतो.

‘न्यूआन्स’चं मूळ ढगाला असलेल्या फ्रेंच शब्दात आहे, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. पण मग पुढचंही सांगायचं होतं. इंग्रजीनं हा शब्द फ्रेंचकडून घेतला तो अठराव्या शतकात. शेक्सपिअर 1616 साली वारला. शब्द नाही म्हणजे सूक्ष्म विचार नाही, हा नियम लावायचा तर त्याची नाटकंही बाद करावी लागतील.

आणि आपल्याकडे या गोष्टीचा विचार किती जुना आहे! अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त एक साधं वाक्य घेतलं: ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला. मग तो दाखवतो की हेच वाक्य कुणाला ‘संध्येची वेळ झाली’ असं ऐकू येतं, कुणाला ‘गुरं आत घ्या’, कुणाला ‘काम थांबवा’, कुणाला ‘माल आवरा’, तर वाट पाहणारीला ‘तो आजही आला नाही’. वाक्य एकच. याला त्यांनी व्यंजना म्हटलं. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनानं याच शक्तीवर ‘ध्वन्यालोक’ लिहिला. कॉलेजात मराठी घेतलेल्या कुणालाही हे विचारा. संस्कृत वेगळी, मराठी वेगळी, असं कुणी म्हणेल. ठीक, मग घरातली मराठी घेऊ.

सांगून टाकलं, सांगून ठेवलं, सांगून पाहिलं, सांगून बसला. पहिल्यात ओझं उतरलंय, दुसऱ्यात पुढची तजवीज आहे, तिसऱ्यात ऐकेल याची खात्री नाही, चौथ्यात नको ते होऊन गेलंय. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांत मी स्वतः पाहिलं की नाही, एवढं एका शब्दानं कळतं. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ही भाषा माणसाला टोकाचा विचार करायला लावते?

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. इंग्रजीतल्या ‘न्यूआन्स्ड’ या विशेषणाला एका शब्दाचा सरळ पर्याय मलाही सापडत नाही. ‘सूक्ष्मभेदयुक्त’ कुणी तोंडानं बोलत नाही. ‘अनेक पदरी भूमिका’ किंवा ‘बारकावे सांभाळून केलेली मांडणी’ असं म्हणावं लागतं. दोन शब्द जास्त लागतात, एवढंच.

डोक्यावर घेणं आणि पायाखाली घालणं कुठल्या समाजात नाही? त्यावर वेळ घालवत नाही.

खरा घात शेवटच्या सल्ल्यात आहे. मुलाला इंग्रजी जरूर यावं, मुलं दोन भाषा सहज उचलतात. त्यासाठी आजीशी चाललेलं बोलणं तोडायचं कशाला? परवा तो आईला सांगत होता, ‘आम्ही बागेत गेलेलो. आता आपण जाऊ.’ आधीच्या ‘आम्ही’त आजी नाही, नंतरच्या ‘आपण’मध्ये आहे, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. आई चप्पल शोधायला उठली. तेवढ्यात बहिणीनं त्याला तेच इंग्रजीत म्हणायला लावलं. त्यानं दोन्हीकडे ‘वी’ म्हटलं, आईकडे न बघता. आई परत खुर्चीत बसली.