पुढच्या वर्षी पुन्हा समोरासमोर येतील का?

२९ मे २०१३च्या रात्री मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये माझ्या मावसभावाच्या घरी होते. डेट्रॉइट रेड विंग्ज आणि शिकागो ब्लॅकहॉक्स या बर्फावरच्या हॉकीच्या दोन संघांमधील प्लेऑफ मालिकेचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, सातवा आणि शेवटचा सामना आम्ही दोघांनी एकत्र बसून पाहायचा असे ठरले होते, म्हणून सहावा सामना हरल्यावर मी रजा टाकली आणि गाडी काढली. मी डेट्रॉइटची, तो शिकागोचा. मालिकेत आमचा संघ ३-१ असा पुढे होता आणि तिथून शिकागोने बरोबरी साधली होती. सामना १-१ असताना आणि वेळ संपायला दोन मिनिटेही उरली नसताना शिकागोच्या यालमारसनने गोल मारला, भावाने सोफ्यावरून उडी मारली, आणि दुसरीकडेच चाललेल्या झटापटीसाठी पंचांनी आधीच खेळ थांबवला होता म्हणून तो गोल रद्द झाला. पुढे ओव्हरटाइममध्ये ब्रेंट सीब्रूकचा फटका जाळ्यात गेला आणि आमचा हंगाम संपला. खेळाडू हस्तांदोलनासाठी रांगेत उभे राहिले, तेव्हा सांगलीहून आलेली मावशी माझा चेहरा पाहून म्हणाली, "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी पुन्हा येतीलच की समोरासमोर."

मी तिला म्हटले, "नाही गं मावशी, आता असे येणार नाहीत."

त्या उन्हाळ्यानंतर नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची फेररचना होणार होती आणि डेट्रॉइटचा संघ पश्चिमेकडच्या गटातून पूर्वेकडे जाणार होता. (आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात. इथे अमेरिका-कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची.) या लीगमध्ये आज ३२ संघ आहेत, पूर्व आणि पश्चिम या सोळा-सोळा संघांच्या दोन गटांत, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये आठ-आठ संघांचे दोन विभाग. प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळत आला आहे, पण सगळ्यांशी सारखे नाही. आपल्या विभागातील संघांशी तीन किंवा चार, त्याच कॉन्फरन्सच्या दुसऱ्या विभागातील संघांशी तीन, आणि दुसऱ्या कॉन्फरन्समधील सोळाही संघांशी फक्त दोन, एक घरी आणि एक बाहेर. कोण कोणाशी किती वेळा भिडणार हे कागदावर ठरते आणि प्रेक्षकांच्या मनात कोणते वैर वाढणार, कोणते सुकणार, हेही पुष्कळ अंशी त्याच कागदावर ठरते. डेट्रॉइट आणि शिकागो यांच्या बाबतीत तो कागद चुकला, असे माझे ठाम मत आहे आणि ते मला आज सविस्तर मांडायचे आहे.

मी २००६ मध्ये लग्न होऊन डेट्रॉइटच्या उपनगरात आले. हा खेळ मला शिकवला तो शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांचे लहानपण लीगमध्ये फक्त सहा संघ असतानाचे. १९४९-५० पासून १९६६-६७ पर्यंत हंगाम ७० सामन्यांचा होता, म्हणजे प्रत्येक संघ उरलेल्या पाचही संघांशी चौदा-चौदा वेळा खेळे. ते सांगत की पुष्कळदा शनिवारी एका गावात सामना होई, रात्री दोन्ही संघ एकाच आगगाडीने निघत आणि रविवारी संध्याकाळी दुसऱ्या गावात तेच खेळाडू पुन्हा एकमेकांसमोर उभे राहत. आदल्या रात्री ज्याने कोपर मारले तो जेवणाच्या डब्याकडे जाताना समोरून येई, आणि दोघेही नजर चुकवून निघून जात. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत की जणू तेही त्या गाडीत होते. राग थंड होण्याआधीच दुसरी गाठ पडत असे, हेच त्या काळाचे बळ होते.

संघ वाढले तेव्हा हे टिकणार नव्हते आणि ते टिकायला हवे होते असे मी म्हणत नाही. पण १९८०च्या दशकात लीगने एक चांगली युक्ती केली होती. पाच संघांच्या विभागात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी आठ सामने, बाकी सगळ्यांशी तीन, आणि प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्या विभागातच. माँट्रियल आणि क्युबेक या एकाच प्रांतातील दोन शहरांचे हाडवैर त्यातून उभे राहिले. एप्रिल १९८४ मध्ये गुड फ्रायडेच्या रात्री त्यांच्यात जी हाणामारी झाली, तिची आठवण तिकडे आजही काढली जाते. १९९५ मध्ये क्युबेकचा संघ कोलोरॅडोला गेला आणि ते वैर एका झटक्यात संपले, कारण गाठ पडायला दुसरी बाजूच उरली नाही.

माझ्या आगमनाच्या सुमारास मात्र लीगने हीच गोष्ट अति केली. २००४-०५ चा हंगाम मालक-खेळाडू वादात पूर्ण वाया गेला होता आणि त्यानंतरची तीन वर्षे विभागातील चारही संघांशी प्रत्येकी आठ सामने ठेवले गेले. दुसऱ्या कॉन्फरन्सशी फक्त दहा. सिडनी क्रॉस्बीसारखा खेळाडू २००५ मध्ये पूर्वेकडच्या पिट्सबर्गच्या संघात आला, पण पश्चिमेकडच्या एडमंटन, कॅल्गरी आणि व्हँकुव्हरच्या लोकांना त्याला आपल्या गावात पाहायला त्याचा तिसरा हंगाम उजाडावा लागला. इकडे आम्ही कोलंबसशी आठ वेळा खेळत होतो आणि सहाव्या सामन्याला आमच्या शेजाऱ्यांनाही उत्साह राहत नसे. शिकागोशीही आठ सामने होते, पण तेव्हा त्यांचा संघ फार कमकुवत होता. इतका, की त्यांच्याच शहरात लोकांनी पाठ फिरवली होती, आणि जुन्या मालकांच्या धोरणामुळे घरचे सामने स्थानिक टीव्हीवर दाखवलेही जात नसत. तेव्हा माझा भाऊ बेसबॉल पाहायचा. नुसती संख्या वाढवून वैर वाढत नाही, हे मी तेव्हाच पाहिले आणि म्हणून केवळ "सामने वाढवा" अशी माझी मागणी नाही.

बदल झाला तो २००७ नंतर. जोनाथन टेव्झ आणि पॅट्रिक केन हे दोन तरुण खेळाडू शिकागोत आले, सामने टीव्हीवर दिसू लागले, आणि लीगने विभागातील लढती आठवरून सहावर आणल्या. माझ्या मते सहा हा नेमका आकडा होता. तीन इथे, तीन तिथे. १ जानेवारी २००९ला शिकागोच्या रिग्ली फील्ड या जुन्या बेसबॉल मैदानावर उघड्या आभाळाखाली दोन्ही संघ खेळले आणि आम्ही ६-४ जिंकलो. त्याच वर्षी मे महिन्यात कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेत पुन्हा गाठ पडली आणि तिथेही आम्ही जिंकलो. पुढच्या वर्षी त्यांनी स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला आणि भावाने मला सकाळी सहा वाजता फोन केला. त्या चार-पाच वर्षांत आमच्या दोन घरांचे कॅलेंडर या सामन्यांवर चालत असे. साडेचार-पाच तासांचा रस्ता. तो शुक्रवारी ऑफिसातून परस्पर निघायचा, रात्री पिठलं-भात खायचा, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या संघाच्या घरच्या मैदानाच्या, जो लुई अरीनाच्या, त्या उंच पायऱ्या आम्ही चढायचो, मी लाल जर्सीत आणि तोही लाल जर्सीत, कारण दोन्ही संघांचा रंग तोच. लोक माझ्याकडे हसून पाहत आणि त्याच्याकडे रोखून.

मग २०१३ आले. आता दोन सामने. सहाचे दोन.

या निर्णयामागची कारणे मला ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. डेट्रॉइट पूर्वेच्या वेळेत येते, आणि पश्चिम गटात असल्यामुळे कॅलिफोर्नियातले सामने आमच्याकडे रात्री दहा-साडेदहाला सुरू होत. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलांना ते कधी पाहताच आले नाहीत, आणि मुलांना जो खेळ पाहता येत नाही त्याचे प्रेक्षक पुढे कुठून येणार? शिवाय विमानप्रवासाने खेळाडूही थकत. अटलांटाचा संघ २०११ मध्ये विनिपेगला गेल्यावरही दोन हंगाम फ्लोरिडाच्या संघांबरोबर एकाच विभागात होता, तोही घोळ निस्तरायचा होता. आणि प्रत्येक संघ प्रत्येक गावात वर्षातून एकदा तरी यावा, म्हणजे कॉनर मॅक्डेव्हिडसारखा खेळाडू सगळ्यांना प्रत्यक्ष दिसावा, हे तत्त्व योग्यच आहे. टोरांटो आमच्या विभागात आला, हाही लाभच. त्यांचे निळ्या जर्सीतले प्रेक्षक नदीवरचा पूल ओलांडून येतात तेव्हा अरीनात जो आवाज होतो तो खराच असतो.

माझा आक्षेप याच्या पुढचा आहे. प्रत्येक वैराला प्लेऑफमध्ये काही घडावे लागते. डेट्रॉइट आणि कोलोरॅडो कधी एका विभागात नव्हते. मे १९९६च्या मालिकेत कोलोरॅडोच्या क्लोड लमिउने आमच्या क्रिस ड्रेपरला मागून कठड्यावर आदळले, त्याचा जबडा मोडला, आणि २६ मार्च १९९७ला जो लुई अरीनात आमच्या डॅरन मॅकार्टीने त्याचा हिशेब चुकता केला, इतका की दोन्ही गोलरक्षकही बर्फाच्या मध्यावर येऊन भिडले. त्याच रात्री ओव्हरटाइमचा विजयी गोलही मॅकार्टीनेच केला. पुढे २००२ पर्यंत हे संघ प्लेऑफमध्ये आणखी चार वेळा भेटले. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर एडमंटन आणि लॉस एंजेलिस २०२२ ते २०२५ सलग चार वर्षे पहिल्याच फेरीत भेटले आणि त्यातून नवी खुन्नस तयार झाली. म्हणजे बी प्लेऑफमध्ये पडते आणि त्याला पाणी नियमित हंगामाचे सामने घालतात. डेट्रॉइट-शिकागोच्या बाबतीत लीगने दोन्ही काढून घेतले. कॉन्फरन्स वेगळ्या झाल्यामुळे हे दोन संघ आता प्लेऑफमध्ये भेटू शकतात ते फक्त अंतिम फेरीत, आणि तशी गाठ शेवटची पडली १९६१ मध्ये. नियमित हंगामात उरतात दोन सामने, कधी नोव्हेंबरात एक तर दुसरा थेट मार्चमध्ये. पहिल्या सामन्यात काय झाले होते हे दुसऱ्यापर्यंत खेळाडूंनाही आठवत नसेल.

माझ्या इथल्या मैत्रिणी यावर मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट या कॉलेज फुटबॉलच्या सामन्याचे उदाहरण देतात, की तो वर्षातून एकदाच होतो आणि तरी दोन राज्ये पेटून उठतात. बरोबर आहे. पण त्या सामन्याचा दिवस ठरलेला असतो, नोव्हेंबरअखेरचा शनिवार, आणि बहुतेक वेळा हंगामाचा निकाल त्यावर लटकलेला असतो. आमच्या सामन्याला ना ठरलेला दिवस, ना कसला पणाला लागलेला निकाल.

हेही कबूल करते की २०१६ नंतर २०२५ पर्यंत आमचा संघ सलग नऊ हंगाम प्लेऑफला पोहोचलाच नाही आणि शिकागोचीही घसरगुंडी झाली, तेव्हा सगळा दोष वेळापत्रकावर टाकता येणार नाही. पण दोन्हीकडे आता तरुण खेळाडू उभे राहत आहेत. शिकागोकडे कॉनर बेडार्ड आहे आणि डेट्रॉइटच्या मुलांना तो घरच्या बर्फावर वर्षातून एकदा दिसतो.

२०२६-२७ च्या हंगामापासून ८४ सामने ठरले आहेत. वाढीव दोन सामने विभागातच जाणार, म्हणजे सातही शेजाऱ्यांशी चार-चार. मला ते मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक संघाला दुसऱ्या कॉन्फरन्समधला एक जुना प्रतिस्पर्धी राखून द्यावा आणि त्याच्याशी दोनऐवजी चार सामने ठेवावेत. हिशेब जुळतो. शेजारच्या विभागातील आठ संघांशी तीन-तीन सामने आहेत, त्यातील दोघांशी दरवर्षी आळीपाळीने एकेक कमी केला की दोन सामने मोकळे होतात, बाकी काही हलवावे लागत नाही. आणि हे चार सामने जोडीने खेळवावेत, शुक्रवारी डेट्रॉइट, शनिवारी शिकागो. दोन्ही शहरांत बास्केटबॉलचे संघ त्याच अरीनात खेळतात, त्यामुळे तारखा मिळणे अवघड असते, पण वर्षातून दोन शुक्रवार-शनिवार मिळू नयेत इतके ते अवघड नसावे.

शिकागोच्या प्रेक्षकांना आजही कोणत्याही सामन्यात मध्येच डेट्रॉइटच्या नावाने शिमगा करायची सवय आहे, समोर डेट्रॉइट असो वा नसो. गेल्या खेपेला भावाकडे गेले तेव्हा तो मला आणि त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला सामन्याला घेऊन गेला. समोर तिसराच संघ होता. आरोळी उठली तशी तीही सगळ्यांबरोबर ओरडली आणि मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "आत्या, आपण डेट्रॉइटला का ओरडतो?" मी तिला रिग्ली फील्डपासून सांगायला सुरुवात केली. मध्यंतर संपेपर्यंत मी २००९च्या मे महिन्यापर्यंतच पोहोचले होते.