नुसते वाचणाऱ्यांनो, आता लिहा

आज एका तांत्रिक समूहात एका नव्या सदस्याने प्रश्न विचारला होता. लिनक्सवर (विंडोजसारखीच एक संगणक-प्रणाली) सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही, असा संदेश येतो, काय करावे, एवढाच साधा प्रश्न. सोबत पूर्ण एरर मेसेजही चिकटवलेला होता. पहिले उत्तर आले, “आधी गुगल करायला शिका.” त्याखाली दोघांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. थोड्या वेळाने पाहिले तर प्रश्न विचारणाऱ्यानेच तो काढून टाकलेला होता. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

अशा ठिकाणी मी कित्येक वर्षे नुसती वाचत होते. काही अडले की शोधायचे, कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेले उत्तर सापडायचे, काम व्हायचे आणि मी टॅब बंद करायचे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर मला येत असले, तरी लिहायला घेतलेले वाक्य मी पुसून टाकत असे, कारण आज वाचली तशी वाक्ये मी पूर्वीही असंख्य वेळा वाचली होती.

मला लिहिते केले ते एका वाय-फायच्या तक्रारीने. माझा लॅपटॉप स्लीपमधून जागा झाला की वाय-फाय गायब व्हायचे. नेमक्या त्याच वाय-फाय कार्डाविषयीची एक जुनी चर्चा मला सापडली आणि जीव भांड्यात पडला; पण विचारणाऱ्याने शेवटी एवढेच लिहिले होते, “प्रश्न सुटला, धन्यवाद.” कसा सुटला, त्याचा पत्ता नाही. मग बराच खटाटोप केल्यावर कळले की ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, मॉड्यूल काढून पुन्हा लोड केले की वाय-फाय परत येते. त्या रात्री मी खाते उघडले आणि त्याच चर्चेखाली कार्डाचे नाव, कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती आणि दोन्ही कमांड लिहिल्या. ‘पोस्ट’चे बटण दाबताना छातीत धडधडत होते.

संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता : ऑनलाइन समूहात १०० पैकी ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळा मजकूर उरलेल्या एकाकडून येतो. या ९० जणांना फुकटे म्हणण्याची पद्धत आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. वाचून शिकणे हेही शिकणेच आहे. पण वाय-फायचा तो इलाज त्या ९० पैकी कितीतरी जणांना माझ्या आधी सापडला असणार, आणि तो त्यांच्यापाशीच राहिला. त्यांना गप्प कुणी बसवले, हा माझा प्रश्न आहे.

तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा वाचून विनामोबदला उत्तरे देणारी माणसे थकतात, हे खरे आहे. थकलेल्या माणसाने उत्तर देऊ नये. पाणउतारा करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर दुसऱ्याच्या प्रश्नाखाली कमेंट करायलाही ५० गुण लागतात, आणि आपल्याकडे नवख्यांना आपलेपणा वाटत नाही, हे त्या संस्थेनेच २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केले. त्याच वर्षी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ईमेलमधल्या आपल्या वर्षानुवर्षांच्या कठोर भाषेबद्दल माफी मागितली आणि काही काळ कामातून बाजूला झाले. ज्या लिनक्सबद्दल आजचा प्रश्न होता, त्याची पहिली जाहीर वाच्यता २५ ऑगस्ट १९९१ रोजी झाली, तीही याच टोरवाल्ड्स यांनी, तेव्हाच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, अनोळखी लोकांना विचारलेल्या प्रश्नाने : मिनिक्समध्ये (तेव्हाची एक छोटी संगणक-प्रणाली) तुम्हाला काय आवडते आणि काय आवडत नाही? त्या विद्यार्थ्याला पहिल्याच उत्तरात कुणी हिडीसफिडीस केले असते तर, हा विचार आज दिवसभर डोक्यातून जात नाही.

माझ्या त्या वाय-फायच्या उत्तराखाली काही दिवसांनी एका अनोळखी व्यक्तीने लिहिले की त्यांच्या लॅपटॉपवरही हा इलाज चालला, आणि पुढच्या कर्नलवर त्याची गरज पडत नाही, हेही त्यांनी जोडले. ना ओळख, ना पाळख, पण माझे अर्धे उत्तर त्यांनी पूर्ण केले. ते वाचताना जे वाटले, ते इतकी वर्षे नुसते वाचताना एकदाही वाटले नव्हते. हे लिहिताना सकाळचा राग बराच निवळला आहे.

माझ्या मित्रयादीत असे गप्प वाचक पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे, आणि तुमच्यातल्या काहींचे ज्ञान माझ्याहून कितीतरी पक्के आहे. अडचण सुटली की कोणती आवृत्ती होती, पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, काय करून पाहिले आणि शेवटी कशाने जमले, एवढे चार ओळींत तिथेच लिहून ठेवा. भाषा सफाईदार असण्याची गरज नाही. पहिला प्रश्न किंवा पहिले उत्तर टाकताना संकोच वाटत असेल, तर मसुदा मला मेसेजमध्ये पाठवा, आपण दोघे मिळून पाहू.