मुलींच्या अक्षरात की मुलांच्या?

आज दुपारी शाळेतल्या मुलांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स काढायला तालुक्याला गेले होते. (तो एक वेगळाच छळ आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) दुकानात माझ्या पुढे दोन मुली उभ्या होत्या, गळ्यात बी.एड. कॉलेजचं ओळखपत्र. एकीने विचारलं, "काका, तत्त्वज्ञानाच्या पेपरचा असाइनमेंट सेट आहे का?" काका मान वर न करता म्हणाले, "पहिलं वर्ष ना? मुलींच्या अक्षरात देऊ की मुलांच्या?"

म्हणजे लिहून तयार! दोन प्रकारच्या अक्षरांत! पाठ टाचणांच्या (तास कसा घ्यायचा त्याच्या लेखी आराखड्यांच्या) फायली मागच्या कपाटात विषयवार लावलेल्या, चार्टसकट. जुडीबरोबर कढीपत्ता टाकू का, असं भाजीवाल्याने विचारावं इतक्या सहज चाललेलं सगळं.

मला राहवलं नाही, तिथेच बोलले. उद्या तुमच्या हातात पोरं देणार आहेत लोक, आणि तुम्ही हे विकत घेता? मुली खाली बघत उभ्या. मग एक हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे तास होतच नाहीत. फी भरायची आणि परीक्षेला यायचं. सरांनीच सांगितलं, इथून घ्या म्हणून."

सरांनीच! घ्या आता.

घरी येऊन चहा झाला, भाजी निवडून झाली, तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसले. लांब होणार आहे, आधीच सांगते.

आपल्या शिक्षकांत एक समज अगदी घट्ट बसलाय. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र हे पेपर म्हणजे नुसती थिअरी. गाईड आणायचं, आदल्या रात्री वाचायचं, रूसो काय म्हणाला, फ्रोबेल काय म्हणाला ते ओकायचं आणि विसरायचं. खरं शिक्षण म्हणे सराव पाठात, म्हणजे शाळेत जाऊन घ्यायच्या सरावाच्या तासांत. सराव पाठ तरी काय असतात, माहितीये ना तुम्हाला? हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या ठरलेल्या पाच पायऱ्या. प्रस्तावना झाली का, हेतुकथन फळ्यावर लिहिलं का, ते निरीक्षक मागच्या बाकावरून टिक करणार. सराव शाळेतली पोरं तर इतकी तयार झालेली असतात की मॅडमने प्रस्तावनेचा दुसरा प्रश्न विचारायच्या आत तिसऱ्याचं उत्तर देतात.

आम्हालाही तो पेपर होता. 'उदयोन्मुख भारतीय समाजातील शिक्षण' असलं काहीतरी भारदस्त नाव. पण आमचं नशीब की तो शिकवणारे सर जरा विक्षिप्त होते. पुस्तक न उघडता आम्हा सगळ्यांना चालत गावाबाहेरच्या वीटभट्टीवर घेऊन गेले. तिथे सात-आठ वर्षांची एक मुलगी कडेवर भावाला घेऊन उभी होती. सरांनी तिला विचारलं, "काल किती विटा पाडल्या गं तुमच्या घरच्यांनी?" ती म्हणाली, "दीड हजार." कशावरून? "एका वळीत पन्नास. पन्नासाच्या वीस वळी म्हंजी हजार. वर आनि धा वळी हायेत की." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "उचल फिटायला अजून लई ऱ्हायलंय." (उचल म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे.)

सर आमच्याकडे वळले. "हिला गुणाकार येतो?" आमच्यातली एक हुशार म्हणाली, "सर, आधी पाढे म्हणून घ्यायला पाहिजेत."

पुढचे कितीतरी तास त्या एका मुलीवर झाले. तिच्या डोक्यात संख्या कशी तयार झाली? हाताने रचून, मोजून. मग पियाजे वाचा, मुलांचा विचार कसा घडतो ते मांडणारा मानसशास्त्रज्ञ. ती शाळेत का नाही आणि भट्टीमालकाचा मुलगा का आहे? हे समाजशास्त्र. तिने काय शिकायचं, कशासाठी, आणि ते ठरवायचा अधिकार कुणाचा? आता तत्त्वज्ञानाचं पुस्तक काढा. सर म्हणायचे, आधी पोरगी बघा, पुस्तक मग.

माझ्या शाळेत आज निम्म्याहून जास्त पोरं ऊसतोड कामगारांची आहेत. दिवाळीच्या आगेमागे आईबापाबरोबर जातात, उन्हाळ्यात परततात. परत आलेलं पोर वाचताना अडतं, दशक-एकक विसरलेलं असतं, पण गाडीत किती टन ऊस भरला आणि कोयत्यामागे, म्हणजे तोडणीच्या जोडप्यामागे, किती उचल आहे ते तोंडपाठ. अशा पोराला 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर बसवायचं की त्याच्या टनांपासून गणित सुरू करायचं, याचं उत्तर कुठल्याही पाठ टाचणात नसतं. ते वीटभट्टीवर मिळालं मला. म्हणजे ज्याला तुम्ही नुसती थिअरी म्हणता, त्या पेपरात.

दर 3 जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. शेण-दगड झेलले, हे प्रत्येक भाषणात असतंच. पण त्यांनी अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे शिक्षक होण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे किती भाषणांत ऐकलंय तुम्ही? आणि जोतिराव? 1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलं की प्राथमिक शाळेचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी कुटुंबांतले असावेत म्हणजे पोरांच्या गरजा त्यांना कळतील, आणि पगार महिना 12 रुपयांपेक्षा कमी नसावा. शिक्षणाचं समाजशास्त्र आणि शिक्षकाचा पगार, दोन्ही एकाच निवेदनात! आणि आपण 2022 सालापर्यंत प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला (नव्याने लागलेल्या, मानधनावरच्या शिक्षकाला) महिना 6,000 रुपये देत होतो. तीन तीन वर्षं. 2023 पासून 16,000 केले म्हणून केवढ्या बातम्या आल्या.

बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांचंही तेच. परीक्षेत येतं, 'माँटेसरी पद्धतीचे गुणदोष लिहा'. पाच गुण, पाच दोष, झालं. पण ताराबाईंनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काय केलं? पाड्यावरची पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणात नेली, ती कुरणशाळा. महागडी साधनं कुठून आणणार? मग शंख-शिंपले, खडे, पानं. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला वर्षानुवर्षं जे केलं, ते आत मुरलेलं होतं म्हणून हे सुचलं त्या बाईला. गुणदोष पाठ करून नाही सुचत.

हो, मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. भरती वर्षानुवर्षं होत नाही, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसलेल्या पोरीने रूसो वाचायचा की पोटाचं बघायचं? बरोबर आहे. आणि डी.एड.-बी.एड. न करताही जीव तोडून शिकवणारी माणसं आहेत. असतील. किती आहेत?

आमच्या स्टाफरूममध्ये तर गंमतच चाललीये. 'पियाजेचा वर्गात काय उपयोग' असं आयुष्यभर म्हणणारे आमचे एक सहकारी आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2025 चा निकाल आला, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्यांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हावी लागणार म्हटल्यावर ते आता मधल्या सुट्टीत पियाजेच्या चार अवस्था घोकताहेत. दीडशेपैकी तीस प्रश्न बालमानसशास्त्राचे ना! हसू येतं, आणि वाईटही वाटतं. या वयात, शाळेची सतराशे साठ कामं सांभाळून, घोकायचं म्हणजे सोपं नाही. पण घोकून परत तेच होणार आहे जे पहिल्यांदा झालं होतं.

त्या मुलींवर मी उगाच आवाज चढवला असं नाही म्हणणार. फाईल विकत घेणं चूकच. पण राग काढायचा तर आधी दुकान दाखवणाऱ्या सरांवर, आणि त्यांच्या संस्थाचालकांवर. हे काही आजचं नाही. 2012 साली न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा शिक्षक-शिक्षणावरचा अहवाल आला, त्याच्या मुळाशी आपल्याच महाराष्ट्रातल्या 291 डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण होतं. पुढे बी.एड. एक वर्षाचं दोन वर्षांचं केलं, आता चार वर्षांचं आणताहेत. आणा. तासच होत नसतील तर चार काय नि दहा काय?

माझ्या हातात असतं तर तत्त्वज्ञानाच्या त्या पेपरात एकच प्रश्न ठेवला असता. तुमच्या सराव शाळेतलं कधीच उत्तर न देणारं एक मूल निवडा, त्याच्या घरी जाऊन या, आणि ते का बोलत नाही ते लिहा. हवी तेवढी पुस्तकं समोर ठेवून लिहा. अडचण एवढीच, की ते तपासणाऱ्या प्राध्यापकालाही मग थोडं वाचावं लागेल.

हे वाचणारं कुणी बी.एड. कॉलेजात शिकवत असेल तर विद्यार्थ्यांना घेऊन खुशाल आमच्या शाळेवर या. एप्रिलमध्ये आलात तर बरं, पोरं नुकती परतलेली असतात. रस्ता शेवटचे दोन किलोमीटर वाईट आहे, मोटारसायकलने या. डबा मी जास्तीचा आणेन.