सरकारी पैशातून होमिओपॅथी? मला जे वाटतं ते सरळ लिहितेय

सरकारी आरोग्यसेवेने होमिओपॅथी आणि बाकी पर्यायी उपचारांना पैसे द्यावेत का, हा विषय निघाला की लोक लगेच "मला गुण आला" आणि "सगळी फसवणूक आहे" अशा दोन बाजूंना जाऊन उभे राहतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूलाच. मूळ प्रश्न असा आहे की ज्या पैशातून डायलिसिस, लसी, बाळंतपणं, कॅन्सरची औषधं हे सगळं भागवायचंय आणि जो कुठल्याच देशात कधी पुरत नाही, त्या पैशातून काय घ्यायचं. स्वतःच्या खिशातून कोण काय घेतं तो ज्याचा त्याचा प्रश्न, बंदी घाला असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की सार्वजनिक पैशाला सगळ्यांसाठी एकच कसोटी लावा. होमिओपॅथीची औषधं त्या कसोटीला उतरत नाहीत म्हणून त्यांना पैसे नकोत, पण लोक ज्या गोष्टीसाठी तिकडे जातात त्या गोष्टीला मात्र पैसे हवेत आणि आत्ता मिळतात त्यापेक्षा खूप जास्त हवेत.

आधी औषधाचं बघू. बाटलीवर ३० सी लिहिलेलं असतं, ते कसं बनतं? मूळ अर्काचा एक भाग घ्यायचा, ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोलमध्ये टाकायचा, जोरात झटके देऊन हलवायचं, मग त्यातला एक भाग परत नव्या ९९ भागांत, असं तीस वेळा. म्हणजे मूळ पदार्थ १ वर ६० शून्यं इतक्या पटीने पातळ झाला. आता कुठल्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये (मोल म्हणजे रसायनशास्त्रातलं पदार्थ मोजायचं एकक) रेणू असतात साधारण ६ वर २३ शून्यं, त्यामुळे बाराव्या पायरीपाशीच मूळ पदार्थाचा एक रेणू तरी उरला असेल का याची शंका येते आणि पुढच्या अठरा पायऱ्या पाण्यात पाणीच मिसळणं चालू असतं. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी 'समानाने समान बरं होतं' हा विचार १७९६ मध्ये मांडला, तेव्हा एका मोलमध्ये किती रेणू हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या काळचे डॉक्टर नसा कापून रक्त काढायचे, पारा पाजायचे, त्यापेक्षा हे पातळ औषध पेशंटला नक्कीच बरं पडत असणार. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण आपण आज निर्णय घेतोय.

आणि रेणू उरत नाहीत एवढ्यावरच मी थांबत नाहीये, कारण उद्या कुणी म्हणेल कसं चालतं ते माहीत नसेल पण चालतं ना! ठीक, मग चालतं का तेच बघू. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल हेल्थ अँड मेडिकल रिसर्च कौन्सिलने २०१५ मध्ये ६१ आजारांवरचं संशोधन तपासलं आणि एकाही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही असं जाहीर केलं. इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २०१७ मध्ये डॉक्टरांना होमिओपॅथीची औषधं लिहून देणं थांबवायला सांगितलं. फ्रान्समध्ये तर होमिओपॅथी घराघरात, तिथे सामाजिक विमा या औषधांचा ३० टक्के खर्च द्यायचा, २०२० मध्ये तो १५ टक्के केला आणि २०२१ पासून शून्य.

मग "मला गुण आला" याचं काय? लोक खोटं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं. बरेचसे दुखणे कमी-जास्त होत राहतात आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास सगळ्यात जास्त असताना, म्हणजे त्यानंतर काहीही घेतलं नाही तरी थोडा उतार पडणारच असतो. पण अजून एक मोठी गोष्ट आहे आणि मला ती या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये संधिवाताच्या ८३ पेशंटवर एक ट्रायल झाली होती, २०११ मध्ये छापून आली. त्यात काहींना होमिओपॅथचं कन्सल्टेशन मिळालं, काहींना नाही, आणि गोळ्या कुणाला खऱ्या, कुणाला दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. चालू असलेले नेहमीचे उपचार सगळ्यांचे तसेच ठेवले. निघालं काय, तर ज्यांचं कन्सल्टेशन झालं त्यांना फायदा दिसला आणि गोळी खरी की खोटी याने फरक पडला नाही.

यावर जरा थांबून विचार करा. होमिओपॅथ पेशंटला काय विचारतो? झोप कशी लागते, कुशीवर झोपता का पाठीवर, थंडी सोसते का, रडू कधी येतं, दुखणं सकाळी वाढतं का रात्री, घरात कुणाशी बिनसलंय का, आणि हे सगळं तो लिहून घेतो आणि पुढच्या वेळी त्याला ते आठवतं. सांधे आयुष्यभर दुखणार आहेत असं ज्या बाईला सांगून टाकलंय तिला कुणीतरी तासभर बसून हे विचारतंय याचं मोल तिला माहीत असतं. याउलट सरकारी ओपीडीत डॉक्टरकडे तेवढी मिनिटंही नसतात, बाहेर रांग असते, पेशंट वाक्य पूर्ण करायच्या आत कागद हातात पडतो. यात त्या डॉक्टरचाही दोष नाही, माणसंच कमी आहेत. म्हणून मी म्हणतेय की पैसे त्या तासाला द्या. जुनाट दुखण्यांच्या पेशंटला लांब अपॉइंटमेंट द्या, समुपदेशक द्या, फिजिओथेरपिस्ट द्या, दर वेळी तोच डॉक्टर भेटेल अशी सोय करा. साखरेच्या गोळीची त्यात गरज नाही.

आता लोक म्हणतात की ॲलोपॅथीत काय सगळं सिद्ध झालेलं असतं का? नसतं, बरोबर आहे, आणि तिथेही हीच कसोटी लावायला पाहिजे. २००२ मध्ये गुडघ्याच्या आर्थ्रायटिसवर ट्रायल झाली, काही पेशंटची दुर्बिणीने खरी सर्जरी केली आणि काहींना नुसते वरवर काप देऊन टाके घातले, आणि दोन्हीकडे दुखणं सारखंच राहिलं. असल्या सर्जरीवर सरकारी पैसा जात असेल तर तोही बंद करा. एनएचएसच्या २०१७ च्या त्याच यादीत होमिओपॅथीबरोबर ग्लुकोसामाइन आणि ओमेगा-३ च्या गोळ्याही होत्या, हे मात्र फार कुणी सांगत नाही.

आणि ही कसोटी दार उघडतेसुद्धा. 'पर्यायी' म्हणून सगळं एका पोत्यात भरणं मला पटत नाही, कारण वनस्पतींच्या औषधात खरोखरचं रसायन असतं. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी जुन्या चिनी ग्रंथांवरून सुरुवात करून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं, २०१५ चं नोबेल मिळालं, आणि आज मलेरियाच्या उपचारात ते जगभर वापरतात. तेही परंपरेचं म्हणून कुणी सोडून दिलं नाही, त्याचा अर्क काढला, प्राण्यांवर, माणसांवर तपासला, मग वापरला. आणि रसायन असतं म्हणूनच धोकाही असतो, बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करायच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. ॲक्युपंक्चरचं बघा, कुठले उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ते देऊ नका म्हटलं आणि २०२१ मध्ये एका प्रकारच्या जुनाट वेदनांसाठी विचार करायला हरकत नाही म्हटलं. पुरावा बघून हो, पुरावा बघून नाही, मला असंच हवंय.

"गोळ्या स्वस्त तर असतात, जाऊ दे ना" हेही ऐकू येतं. पण सरकारने एखाद्या उपचाराला पैसे दिले की त्यावर शिक्का बसतो, सामान्य माणूस म्हणतो सरकारी दवाखान्यात देतात म्हणजे उपयोग होतच असणार. सर्दीला चालेल ते, सर्दी जाणारच असते. पण तोच विश्वास घेऊन माणूस छातीतल्या गाठीसाठी गेला तर? २०१८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, ज्या कॅन्सर पेशंटनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अडीच पट होतं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटीहून जास्त. बरे होऊ शकणारे कॅन्सर होते हे, पसरलेले नव्हते! इथे मला खरंच राग येतो.

स्वित्झर्लंडमध्ये २००९ मध्ये लोकांनी मतदान करून पर्यायी उपचारांना पाठिंबा दिला आणि आता तिथे मूळ आरोग्य विम्यात होमिओपॅथीही आहे. लोकांच्या मताला मी कमी लेखत नाही, पैसा त्यांचाच आहे. पण लोकांना मत द्यायला बोलावताना समोर दोन्ही गोष्टी ठेवा, एकीकडे ही गोळी आणि दुसरीकडे त्याच पैशात मिळणारी नर्स किंवा लांब अपॉइंटमेंट, मग निवडू द्या.

आणि जिथे हे फंडिंग बंद होईल तिथे एक काम आधी करा. जे पेशंट वर्षानुवर्षं तिथे जातायत त्यांना नुसती नोटीस चिकटवून घरी पाठवू नका. प्रत्येकाला एका डॉक्टरची निवांत वेळ द्या, त्याचं दुखणं पहिल्यापासून परत ऐकून घ्या, आधी कुणी काही तपासायचं राहिलंय का बघा, आणि पुढे कुणाकडे जायचं त्याचं नाव आणि तारीख हातात द्या.