विरुद्ध पेठेचं इमान

पोरांच्या टोळ्यांची कुठलीही वेबसिरीज लावा. ‘भाईसाठी जीव देणार’ म्हणणारा एकजण असतोच, आणि शेवट जवळ आला की तो जीव देतोच. मला या निष्ठेचा आता वीट आलाय. आपल्या पोरासाठी मार खाणं म्हणजे मंडळाची वर्गणी, सगळेच भरतात. टोळीची गोष्ट वाचताना मी एकच बघतो: समोरची पार्टी काय करायला नकार देते.

फेरेंक मोल्नार या हंगेरियन लेखकाची ‘पाल रस्त्यावरची मुलं’ ही कादंबरी १९०७ सालची. बुडापेस्टमधल्या पाल रस्त्याच्या पोरांचा वखारीलगतचा मोकळा प्लॉट आणि त्यावर डोळा ठेवून असलेली लाल शर्टवाली टोळी. खेळायला जागा पाहिजे, एवढंच भांडण. (आमच्या कोल्हापूरच्या गांधी मैदानात पिच आधी कुणी धरलं यावरनं वाजलेलं ज्यांना आठवतंय, त्यांना जास्त सांगायला नको.)

लालवाल्यांच्या अड्ड्यावर पाल रस्त्याचाच गेरेब फितूर होऊन बसलाय. म्हणतो, तिकडं एकपण धाडसी पोरगा नाही. तेवढ्यात झाडावरनं आवाज येतो, ‘आहे!’ हा नेमेचेक, टोळीतला सगळ्यात किरकोळ, आपला झेंडा परत न्यायला आलेला. आमच्यात ये म्हणतात, तो येत नाही. मग त्याला गार पाण्यात बुचकळून काढतात. आणि तो निथळत निघाला की त्यांचा म्होरक्या फेरी आच आपल्या पोरांना भाले धरून सलामी द्यायला लावतो. एवढ्यावर भागत नाही. बारक्या पोरांच्या गोट्या दांडगाईनं काढून घेतल्या म्हणून तो स्वतःच्याच टोळीतल्या पास्तोर भावांना पाण्यात उतरवतो. गोट्या दुश्मनाच्या, शिक्षा घरच्यांना! आणि नेमेचेकच्या स्वतःच्या बाजूच्या पोरांच्या क्लबनं काय केलं? नीट न विचारता गद्दार ठरवून वहीत त्याचं नाव लहान अक्षरांत लिहिलं, स्पेलिंगमधलं पहिलं अक्षरही कॅपिटल नाही. शेवट सांगत नाही, वाचा.

१९६७ च्या ‘द आउटसायडर्स’ या पोरांच्या टोळ्यांवरच्या अमेरिकन कादंबरीतही हाणामारीचे नियम आधी ठरतात: हत्यार आणायचं नाही, जी बाजू पळाली ती हरली. लेखिका एस. ई. हिंटननं स्वतः शाळेत असतानाच ही कादंबरी लिहायला घेतली होती, त्यामुळं रग खरी वाटते. पण तिची पोरं बोलतात फार. आच कमी बोलतो.

आमच्याकडं हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना ठाऊक होतं. विरुद्ध पेठेचा एकटा गावला तर सोडायचा. संगं आई असंल तर बघितलंच नाही असं करायचं. शाहू स्टेडियमवर आदल्या दिवशी ज्याच्याशी कॉलर धरून झाली होती, त्यानंच मिरजकर तिकटीला माझ्या सायकलची पडलेली चेन बसवून दिली. ग्रीसचे हात माझ्याच चाकाला पुसले आणि म्हणाला, “पुढच्या मॅचला बघतो तुला.” बघितलंही त्यानं, चांगलंच.

कोल्हापूर दाखवायचं म्हटलं की आपले लेखक तांबडा-पांढरा आणि ‘नाद खुळा’वर थांबतात, हा सायकलवाला कुणाला दिसत नाही. आता तर पेच आणखी अवघड झालाय. भांडण सुरू व्हायच्या आधी मोबाईल वर होतात. विरुद्ध पार्टीच्या पोराला सलामी दिलेला व्हिडिओ रात्रीत सगळ्या पेठांच्या ग्रुपवर फिरला, तर दुसऱ्या दिवशी फेरी आचला त्याची पोरं म्होरक्या मानतील का? ही गोष्ट लिहा कुणीतरी. भाईचं भाषण नसलं तरी चालेल.