थँक्सगिव्हिंगचं टेबल मांडा, पण त्यावर जेवू बिवू नका

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण, जवळ आला की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात, एक "कोण काय आणतंय" आणि दुसरा म्हणजे गेल्या वर्षीच्या कोणाच्या तरी टेबलाचा फोटो, ज्यात अन्न सोडून सगळं दिसतं. तो फोटो बघून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. अजिबात अवघड नाहीये हो. डायनिंग टेबल जेवायला असतं हा गैरसमज तेवढा आधी डोक्यातून काढा.

पहिलं काम पानांचं. मागच्या अंगणात मेपल आणि ओकचा लाल-पिवळा-केशरी सडा पडलेला असतो, तोही फुकट. तो आधी माणसं बोलावून, पैसे देऊन, ब्लोअरने गोळा करून घ्या, कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवा, टाउनशिपची गाडी घेऊन जाते. अंगण लख्ख झालं की क्राफ्टच्या दुकानात जाऊन कापडी मेपलची पानं विकत आणा. मागचं 'मेड इन चायना' लिहिलेलं स्टिकर आठवणीने काढा, आमच्याकडे एका काकांनी चष्मा लावून ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

मग भोपळे. हॅलोविनला न कोरलेले दोन-तीन उरलेलेच असतात, शिवाय ते छोटे चट्ट्यापट्ट्यांचे, गाठी आलेले, बदकाच्या मानेसारखे वाकडे असे शोभेचे भोपळे वेगळे घ्यायचे. घरात सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या असतील तर त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, हे वाकडे भोपळे कडू असतात, आणि कडू दुधीचं काय ते त्यांना चांगलंच माहीत असतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो. दुसरं, मोठा नारिंगी भोपळासुद्धा शोभेलाच आहे. हे पटवणं अवघड. मी सांगायची विसरले आणि गुरुवारी सकाळी उठून बघते तर माझा सेंटरपीस किसून झालेला, गूळ घातलेला, घारगे तळायला तेल तापत होतं. घारगे उत्तम झाले होते हे कबूल करते, पण टेबलाच्या मधून अंथरतात त्या कापडी पट्टीच्या, म्हणजे रनरच्या, मधोमध जी जागा रिकामी राहिली ती शेवटी टिश्यूच्या डब्याने भरावी लागली.

आता थोडं गणित. आमचं टेबल ३६ इंच रुंद. प्रत्येकापुढे आधी चार्जर प्लेट ठेवायची, म्हणजे १३ इंची सोनेरी परात, जिच्यात काही खायचं नसतं, तिच्यावर फक्त दुसरी प्लेट ठेवायची. समोरासमोर दोन परातींचे झाले २६, मध्ये उरले १०. या १० इंचांत रनर, भोपळे, मेणबत्त्या, ते शिंगाच्या आकाराची टोपली असते ना ज्यातून फळं सांडलेली दाखवायची असतात ती, शिवाय नॅपकिनचा मोर. आता यात १५ पौंडांची टर्की, मसालेभात, रस्सा आणि श्रीखंड कुठे ठेवायचं असं तुम्ही विचारत असाल तर तुम्ही अजून पहिल्या पॅराग्राफमध्येच अडकलाय. जेवण किचनच्या ओट्यावर, अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये, वर फॉइल.

काटे डावीकडे, सुरी उजवीकडे, धार आतल्या बाजूला. आपल्याकडेही मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे असा कडक नियम होताच की, फक्त तिथे मांडलेलं सगळं पोटात जायचं. प्लेस कार्डं सुद्धा करा, सुंदर अक्षरात, आठ नावं. पाहुणे सतरा येतील, "भाचा आलाय शिकायला, त्यालाही आणू का" हा फोन बुधवारी रात्री येतोच. पुरुषमंडळी तशीही बेसमेंटमध्ये अमेरिकन फुटबॉल बघत बसणार, डेट्रॉइट लायन्सची टीम १९३४ पासून या दिवशी खेळतायत आणि आमच्याकडे एकालाही त्या खेळाचे नियम अजून कळलेले नाहीत.

मेणबत्त्या दालचिनीच्या वासाच्या घ्या, म्हणजे रश्शाला पण दालचिनीचा वास, भाताला पण, श्रीखंडाला पण.

कोणी "परंपरा परंपरा" करायला लागलं तर घाबरून जाऊ नका. १६२१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला जे पहिलं थँक्सगिव्हिंगचं जेवण झालं म्हणतात त्यात यजमान इंग्रज होते पन्नासेक आणि वॅम्पानोआग, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, पाहुणे नव्वदेक, तेही येऊन स्वतःच पाच हरणं मारून देणारे. म्हणजे हे शुद्ध पॉटलक, ज्याने त्याने काहीतरी आणायचं जेवण, होतं आणि माणसं ठरल्यापेक्षा जास्त होती, अगदी आपल्यासारखंच. काटे नव्हते, पंपकिन पायही नव्हता, तीन दिवस चाललं. पुढे त्या पाहुण्यांचं काय झालं हे मात्र टेबलावर काढायचं नसतं. त्यांचे वंशज १९७० पासून याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात, पण त्याला मॅचिंग नॅपकिन मिळत नाहीत.

एक अडचण खास आपली. हा सण कायम गुरुवारी, म्हणजे निम्म्या लोकांचा वार. त्यात २०२२ ला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार नेमका थँक्सगिव्हिंगलाच आला, २०२५ ला परत तेच. एका कोपऱ्यात महालक्ष्मीचा घट आणि ओव्हनमध्ये टर्की, कोणाला कुठे नमस्कार करायचा कळेना. घटात लावायला पाच झाडांच्या डहाळ्या हव्यात, आंबा तर इथे नाहीच, आणि अंगण आदल्याच आठवड्यात पैसे देऊन साफ केलेलं. सासूबाईंची नजर टेबलावर गेली. मी म्हटलं, "आई, ती कापडी आहेत." त्या म्हणाल्या, "मग खरी कुठेयत?" मी रस्त्याच्या कडेच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. तर भर थंडीत, साडीवर माझा जॅकेट चढवून, त्या पिशवीत हात घालून पानं निवडत बसल्या आणि समोरची गोरी शेजारीण खिडकीतून बघत होती.

फोटो साडेचारच्या आत काढून घ्या, नोव्हेंबरात लगेच अंधार पडतो. फोटो झाला की सगळ्यांना कागदी प्लेटा वाटा, लोक सोफ्यावर, जिन्यावर, कार्पेटवर मांडी घालून मस्त जेवतात. टेबलाला कोणी हात लावत नाही. आमच्याकडे त्या टेबलावर पहिल्यांदा काही झालं ते शुक्रवारी सकाळी, मी सेलला गेले होते, परत येऊन बघते तर चार सोनेरी पराती एका बाजूला सारून पेपर पसरलेला आणि सासूबाई ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या तीन जुड्या मेथी निवडत बसलेल्या, देठं टाकायला पुढ्यात माझी ती शिंगाची टोपली.