पिन काकूनेच टाकला, म्हणून?

ठाण्यातल्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद: यूपीआयवर कुणी फसलं तर चूक कुणाची? ऐरोलीत ॲपच्या सिक्युरिटीचंच काम करणारा मित्र म्हणाला, "सिस्टिम पक्की करणं आपलं काम. लोक मूर्खासारखे पिन टाकत सुटले तर कोण काय करणार?" लगेच चारदोन अंगठे. माझं डोकं फिरलं ते त्या 'मूर्खासारखे'मुळे.

नौपाड्यातल्या माझ्या काकूने मागे जुनं कपाट विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक फोनवर गोड बोललं, "ॲडव्हान्स पाठवतो, रिक्वेस्ट येईल ती ओके करा." रिक्वेस्ट आली. इंग्रजीत 'पे', त्याखाली रक्कम, मग पिनचे चौकोन. पैसे घ्यायलाही पिन लागत असेल असं समजून काकूने तो टाकला आणि आठ हजार गेले. ॲप मात्र एकदम कडक! रूट केलेल्या, म्हणजे आतली कुलपं काढलेल्या फोनवर चालत नाही, स्क्रीनशॉट घेऊ देत नाही, सिम बदललं की पुन्हा पहिल्यापासून नोंदणी. बँकेचं उत्तर एका ओळीचं: पिन तुम्हीच टाकलात.

कोड पक्का करण्याला मी कमी लेखत नाही, माझंही पोट त्यावरच आहे. अँड्रॉइडच्या सुरक्षा त्रुटींमध्ये मेमरीच्या चुकांचा, म्हणजे मेमरी हाताळताना कोडमध्ये राहिलेल्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता. नवा कोड अशा चुका सहसा होऊ न देणाऱ्या रस्टसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत लिहायला लागल्यावर २०२४ पर्यंत तो २४ टक्क्यांवर आला. मोठंच काम आहे ते. पण काकूचे पैसे त्या वाटेने गेलेच नव्हते.

इथे इंग्लंडात रेडिंगमध्ये मी कुणाला पैसे पाठवताना नाव जुळलं नाही, तर बँक आधी सांगते. ऑक्टोबर २०२४ पासून देशातल्या देशात कुणी असं फसवून पैसे पाठवायला लावले, तर ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांवर आहे. पाठवणारी निम्मी देते, घेणारी निम्मी. स्वतःच्या खिशाला झळ बसते म्हटल्यावर स्क्रीनवर काय लिहिलंय याकडे बँकही नीट बघते.

"तिकडे बसून शिकवू नकोस," मित्र म्हणतो. बरं, मग तिथलंच घे. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागायची ती रिक्वेस्ट बंदच झाली. कोड तसूभरही जास्त कडक न करता फसवणुकीची एक अख्खी वाट गेली. मित्राच्या लेखी हे डिझाइनवाल्यांचं काम, सिक्युरिटी नव्हे. माझ्या लेखी हीच सिक्युरिटी.

गोखले रोडवरच्या बँकेतल्या कॅशियरबाई काकूला विचारायच्या, "वहिनी, एवढे एकदम कशाला काढताय?" ती चौकशी ॲपमध्ये आणायचं कुणाला सुचलं नाही. आता काकू व्हिडिओ कॉलवर दुसरा फोन कॅमेऱ्यासमोर धरून मला विचारते, "हे दाबू का रे?" तिची सकाळ म्हणजे माझी मध्यरात्र, बरेचदा फोन वाजून बंद होतो. तिच्या शेजारी बसून बघायला मी तिथे असायला हवा होतो. ग्रुपवर इतक्या तावातावाने भांडतो त्यात हेही आहे, नाकारत नाही.

मित्राला सांगितलंय, पुढच्या रिलीजआधी तुमची स्क्रीन काकूच्या हातात द्या आणि मध्ये न बोलता बघा. ती ऐरोलीला यायला तयार आहे.